तराजू कोणाच्या हातात?

गेल्या श्रावणात नोएडातील एका लहान बचत गटाची बैठक होती. गटात अकरा महिला आहेत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि कापडी पिशव्या त्या तयार करतात. दिल्ली, गुरुग्राम, गाझियाबाद येथे विखुरलेली मराठी कुटुंबे हे त्यांचे मुख्य ग्राहक. त्यांचा हिशेब लिहायला मदत करतो, एवढाच माझा संबंध. त्या दिवशी विषय एकच होता : आपला माल मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकायला ठेवायचा का?

प्रश्न व्यापाराचा होता. पण चर्चा पुढे सरकली तसे लक्षात आले की, हा आपल्या आचरणाचाही प्रश्न आहे.

गटातील सर्वांत ज्येष्ठ काकूंचे मत ठाम होते. "आपली भाजणी कोण खाणार हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात चुकत नाही," असे त्या म्हणाल्या. त्यावर एक तरुण ताई शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही प्रदर्शनात जाऊन बसता. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. मला दाराबाहेर पडता येत नाही. माझ्या दारापर्यंत येणारा बाजार हाच माझा बाजार. आणि मुलीची कॉलेजची फी जानेवारीत भरायची आहे." काकू काही बोलल्या नाहीत. दोघींचेही म्हणणे खरे होते.

हा पेच केवळ या अकराजणींचा नाही. ग्रामीण बचत गटांच्या वस्तू फ्लिपकार्टवर विकल्या जाव्यात यासाठी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने 2021 मध्ये त्या कंपनीशी करार केला. दुसरीकडे, 'दिल्ली व्यापार महासंघ' या व्यापाऱ्यांच्या संघटनेने ॲमेझॉन व फ्लिपकार्टविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. काही ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप मिळते आणि भरमसाट सवलतींमुळे लहान दुकानदार मागे पडतो, असा तिचा रोख होता. आयोगाने जानेवारी 2020 मध्ये चौकशीचा आदेश दिला. एकाच बाजारपेठेत कोणाला दार उघडलेले दिसते, तर कोणाला दार बंद झालेले. म्हणून 'ऑनलाइन विक्री चांगली की वाईट' असे विचारून उत्तर मिळत नाही.

मग प्रश्न कसा विचारावा? महाभारताच्या शांतिपर्वातील एक कथा येथे मार्ग दाखवते. जाजली नावाचे तपस्वी खांबासारखे निश्चल उभे राहून तप करीत. त्यांच्या जटांमध्ये पक्ष्यांनी घरटे बांधले, अंडी घातली, पिल्ले मोठी होऊन उडून गेली, तरी ते हलले नाहीत. 'मी धर्म साधला,' असे त्यांच्या मनात आले. तेव्हा आकाशवाणी झाली की, वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुला अजून आलेली नाही. जाजली शोधत गेले, तेव्हा तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. त्याची साधना एवढीच होती : कोणाला न फसवता, जिवांना शक्य तितकी कमी इजा होईल असा व्यवसाय करायचा आणि तराजू सर्वांसाठी सारखा धरायचा. तो अनेक वस्तू विकत असे. मद्य मात्र विकत नसे. काय विकायचे नाही, हेही त्याने ठरवलेले होते.

तुलाधाराचा तराजू त्याच्या स्वतःच्या हातात होता. ऑनलाइन बाजारात आपली वस्तू यादीत कितव्या क्रमांकावर दिसेल, परत आलेल्या मालाचा भुर्दंड कोणावर पडेल, सणाच्या दिवसांत किती सवलत देण्याचा आग्रह होईल, हे बहुतांशी दुसराच ठरवतो. तराजूचा एक भाग आपण त्याच्या हाती देत असतो. तो किती द्यायचा आणि कोणता भाग कधीच द्यायचा नाही, हा विचार दुकान उघडण्यापूर्वी झाला पाहिजे.

आम्ही त्या दिवशी कागद घेऊन बसलो. समजा, अर्धा किलो भाजणी हाती विकताना 140 रुपये मिळतात. धान्य, गॅस, दळण आणि पाकीट यांत 85 रुपये जातात. उरलेल्या 55 रुपयांत मजुरी आणि गटाची बचत. ऑनलाइन विकताना बाजारपेठेचे कमिशन, पोहोचवण्याचे शुल्क आणि या सेवांवरचा 18 टक्के जीएसटी मिळून समजा 40 रुपये लागले, तर हाती 15 उरतात. हे 40 रुपये कोठून तरी यायलाच हवेत. किंमत वाढवली तर ते ग्राहकाकडून उघडपणे येतील. धान्याची प्रत उतरवली तर ग्राहकाकडूनच, पण त्याच्या नकळत येतील. दोन्ही टाळले तर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या मजुरीतून येतील. आणि ते शुल्कच नको म्हणणेही योग्य नाही, कारण मे महिन्याच्या उन्हात पाकीट घेऊन चौथा मजला चढणारा मुलगाही त्याच तराजूत आहे.

पुढे आणखी दोन परीक्षा आल्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणी न करता ऑनलाइन माल विकण्याची मुभा आहे, पण ती आपल्या राज्यापुरतीच. नोएडा उत्तर प्रदेशात आणि मेट्रोने काही मिनिटांवरचे मयूर विहार दिल्लीत! कोणीतरी सुचवले, "दिल्लीच्या भावाचा पत्ता देऊ." दुसरी सूचना अशी होती की, सगळ्या नातेवाइकांना पाच तारे आणि चार गोड वाक्ये लिहायला सांगू, सगळेच करतात. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून अभिप्राय लिहिण्यास 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली आहे. पण काकूंना नियम ठाऊक नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, "न खाल्लेल्या भाजणीला चांगले कसे म्हणायचे?" दोन्ही सूचना तेथेच थांबल्या.

वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांचा एक आग्रह होता. वस्तू विकत घेणारा माणूस ती ज्या परिस्थितीत तयार झाली, तिच्या पाप-पुण्यातही वाटेकरी होतो, असे ते मानीत. तोच विचार विक्रेत्यालाही लागू पडतो. माल ज्या मार्गाने विकला जातो, त्या मार्गाची जबाबदारी 'ते कंपनीचे धोरण आहे' असे म्हणून पूर्ण झटकता येत नाही.

या जबाबदारीची जाणीव झाली की आपल्या मनातील हेतूही तपासावा लागतो. मोठ्या बाजाराकडे आपल्याला दोन गोष्टी ढकलतात, लोभ आणि भय. 'लाखो ग्राहक मिळतील' हा लोभ, आणि 'आपण मागे पडू' हे भय. त्या बाजारापासून दूर ठेवणाऱ्या गोष्टींतही कधी अहंकार असतो, जसा जाजलींना झाला होता : 'आम्ही शुद्ध, आम्ही त्या गर्दीत जात नाही.' या तिन्हींना बाजूला सारून उरणारी जी खरी गरज, तिच्याकडे पाहून निर्णय घ्यावा. त्या खोलीत ती गरज स्पष्ट होती. एका मुलीची फी आणि एका बाईचे बंद दार.

गटाने शेवटी असे ठरवले. रीतसर नोंदणी करायची. टिकणारा गोडा मसाला आणि पिशव्या ऑनलाइन ठेवायच्या. भाजणी हातोहातच द्यायची. प्रत्येकीची मजुरी आधी ठरवायची, आणि कोणत्याही सवलतीसाठी ती कमी करायची नाही. एका बाजारपेठेतून निम्म्यापेक्षा जास्त उत्पन्न येऊ द्यायचे नाही, म्हणजे कधी 'नाही' म्हणावे लागले तर म्हणता येईल. एप्रिल 2022 मध्ये दिल्ली-एनसीआरसह पाच शहरांत प्रायोगिक सुरुवात झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्याचीही माहिती घ्यायची. होळीनंतर पुन्हा बसून सगळे तपासायचे.

विक्री फार झाली नाही. दिवाळीत काही पाकिटे परत आली, एका ग्राहकाने एकच तारा दिला. ताईने तो अभिप्राय वाचला, मसाल्याच्या मिरचीचे प्रमाण तपासले, आणि त्याचे म्हणणे बरोबर असल्याचे गटाला सांगितले. फीची निम्मी रक्कम तिने त्या विक्रीतून उभी केली. उरलेली गटाने बचतीतून कर्जाऊ दिली.

आपल्यापैकी कोणी नोकरी करतो, कोणी दुकान चालवतो, कोणी घरून काही विकतो. प्रत्येकाच्या हातात एक तराजू आहे. रात्री दिवा मालवण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून पाहावे : आज बनवणारा, घेणारा आणि पोहोचवणारा यांच्यापैकी कोणाचे पारडे मी हलके केले का? केले असेल, तर उद्या सकाळी पहिले काम ते भरून देण्याचे.