मुळांभोवतीचे वाण

उपयोगी जिवाणू म्हणजे एखादी ठरावीक जात, ती शोधावी, वाढवावी आणि शेतात सोडावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली आणि तिला आधारही भक्कम होता. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ साली कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतून हवेतला नत्र स्थिर करणारा जिवाणू वेगळा काढला होता. भात किंवा नाचणी यांच्या मुळांना अशा गाठी येत नाहीत, त्यामुळे तृणधान्यांकडे पाहायला निराळी दृष्टी लागली. जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये मूलपरिसराची, म्हणजे मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांवर जिवाणू पोसणाऱ्या मातीच्या पातळ थराची, संकल्पना मांडली. पुढे ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांनी गवतवर्गीय पिकांच्या मुळांशी नांदणाऱ्या ॲझोस्पिरिलमकडे लक्ष वेधले आणि जिवाणू संवर्धकांची पाकिटे तृणधान्यांच्या शेतातही पोचली.

या प्रगतीतही जातीचे नाव हीच जिवाणूची ओळख मानली जात होती. मातीतून थेट जनुकद्रव्य काढून वाचता येऊ लागले तेव्हा प्रयोगशाळेत वाढणारे जिवाणू हा एकूण वस्तीचा लहानसा अंश असल्याचे दिसले. ॲझोस्पिरिलमची जनुके जवळजवळ निम्मी इतर जिवाणूंकडून आलेली आहेत, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे एकाच जातीतल्या दोन वाणांची कुवत भिन्न असू शकते, आणि ती त्यांनी कोणत्या परिस्थितीत दिवस काढले यावर बरीचशी अवलंबून असते.

मालवणच्या किनाऱ्यावर ही परिस्थिती थोड्या अंतरात बदलते. जांभ्याच्या आम्ल भरडावर, जिथे नाचणी होते, तिथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात, म्हणून स्फुरद मोकळा करणाऱ्या जिवाणूंचे मोल वाढते. खालच्या मळ्यांत पाणी साचून प्राणवायू संपतो, परंतु भाताचे मूळ स्वतःभोवती थोडा प्राणवायू सोडते, त्यामुळे प्राणवायू लागणारे आणि तो न सोसणारे जिवाणू काही मिलिमीटरांच्या अंतरात राहतात. गड आणि कर्ली नद्यांच्या खाड्यांलगतच्या खारजमिनींत प्रश्न क्षाराचा असतो. क्षाराच्या ताणाखाली रोपात इथिलीन वायू वाढून मुळांची वाढ खुंटते, आणि काही जिवाणूंकडे त्या वायूचे पूर्वद्रव्य फोडणारे विकर असते. शेजारच्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने क्षार सोसणाऱ्या बॅसिलसपासून ‘गोवा बायो-१’ हे मिश्रण तयार केले, ते याच दिशेचे पाऊल आहे.

दुसऱ्या मातीत निवडलेला एकच वाण या तिन्ही ठिकाणी सारखाच उपयोगी पडेल, ही अपेक्षा म्हणूनच टिकत नाही. खारजमिनीतील पारंपरिक भाताचे बियाणे जपण्याची निकड आता सर्वांना पटली आहे. त्या भाताच्या मुळांभोवतीची मातीही त्याच वेळी गोळा करून तिच्यातले जिवाणू दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात तपासले जावेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जतन व्हावेत.