बेट लहान, सबब मोठी

मुंबईचे बेट भरले ते कामावर चालत जाणाऱ्या माणसांनी. गिरणीचा भोंगा कोणासाठी थांबत नसे, म्हणून परळ, लालबाग, नायगाव, वरळी या भागांत गिरण्यांच्या भिंतींना खेटून चाळी उठल्या. 1896 च्या प्लेगने त्या दाटीतले मरण दाखवून दिले. दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि 1920 च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे 207 बीडीडी चाळी बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. त्यात दयाबुद्धी फार नव्हती. पण कामगार बेटावर हवा असेल तर त्याच्या डोक्यावरचे छप्परही बेटावरच लागते, एवढा हिशेब परक्या सरकारलाही येत होता.

हा हिशेब स्वकीयांना जड जातो. गिरणी कामगारांच्या घरांचा विषय निघाला की बोट थेट कर्जतच्या रेल्वेमार्गावर, शेलू-वांगणीवर जाते. आणि मग ठरलेले उत्तर येते: मुंबई पडले बेट, चहूकडे पाणी, जागा आणायची कोठून? जमिनीचे भाव, कोर्टातले दावे, अडकलेल्या फायली याही सबबी आहेत, पण त्या रोजच्याच. बेटाची सबब भूगोलाच्या मास्तरांचा आव आणून येते, म्हणून तिचीच उजळणी घ्यायला हवी.

मास्तरांनी इतिहासाचाही तास घ्यावा. मूळची बेटे सात. अठराव्या शतकात वरळीची खाडी बांध घालून अडवली गेली. 1838 मध्ये कुलाबा रस्त्याने जोडला गेला, 1845 मध्ये माहीम. विसाव्या शतकात कचेऱ्यांना जागा हवी होती, तर समुद्र बुजवून नरीमन पॉइंट उभा राहिला. परवा-परवा मोटारींना जागा हवी झाली, तर सागरी किनारा मार्गासाठी शंभराहून अधिक हेक्टर भराव पडला. जगात फार थोड्या शहरांनी इतकी जमीन स्वतः तयार केली असेल. समुद्र आडवा येतो तो फक्त चाळीतला माणूस अर्ज घेऊन आला की!

शिवाय गिरणी कामगारांच्या घरांसाठी समुद्रात दगड टाकण्याचीही गरज नव्हती. गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन बेटाच्या ऐन मध्यावर होती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो रीतसर कधी संपलाच नाही. गिरण्या मात्र संपल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. जागा भरती-ओहोटीने नेली नाही, एका दुरुस्तीने नेली.

बेट भरून वाहते आहे, हेही एकदा तपासावे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 33 लाख 38 हजार होती, 2011 मध्ये 30 लाख 85 हजार. टॉवर वाढले, माणसे अडीच लाखांनी घटली. बृहन्मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी असल्याचे केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीने नोंदवले. त्या टॉवरांची नावे इटलीतल्या गावांसारखी का असतात, हा वेगळा विषय. पण त्यांच्या पोटातले मजलेच्या मजले मोटारींसाठी राखलेले असतात, हा याच विषयाचा भाग आहे. मोठ्या मोटारीला नियमाने अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे जवळजवळ 150 चौरस फूट. बीडीडीच्या खोलीपेक्षा दहा-बारा फूट कमी. मोटारीला शेलूला जाऊन राहा, असे अजून कोणी सुचवलेले नाही.

माणूस हलवता येतो, त्याच्या भोवतीचे जगणे हलत नाही. वरळीच्या कोळ्याची होडी भरती पाहून निघते, लोकलचे वेळापत्रक पाहून नव्हे. त्याला किनारा लागतो, जाळी पसरायला अंगण लागते, बोंबील वाळवायला ऊन लागते. याच कोळ्यांनी किनारा मार्गाच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून 60 मीटरचे अंतर वाढवून मागितले आणि दीर्घ भांडणानंतर 120 मीटर मिळवले. अशक्य म्हणून सांगितलेले गणित नंतर सुटले. गिरणगावात घरच्या चुलीवर कामगारांचे डबे करणाऱ्या बायकांतून 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. गिऱ्हाईक पायी येण्याइतके जवळ होते, म्हणून तो व्यवसाय होता. परळच्या इस्पितळातली आया, पालिकेचा सफाई कामगार, पहाटे दूध टाकणारा यांच्या कामाच्या वेळाही अशाच अडनिड्या. दोन तास लोकलने येऊन हे शहर रोज चालू करायचे आणि दोन तास लटकत परत जायचे, ही त्यांच्याकडून वसूल होणारी पट्टी कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

जो शहर चालवतो त्याला त्या शहरात परवडेल असे घर मिळावे, हे तत्त्व म्हणून सगळ्यांना मान्य असते. भाषणात तर फारच. व्यवहारात म्हाडाच्या 2023 च्या सोडतीत ताडदेवचे साडेसात कोटींहून अधिक किमतीचे घर होते. ते परवडणारेही कोणी असणारच. प्रत्येकाची ऐपत वेगळी. उलट वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये बीडीडीतील 556 कुटुंबांना मूळ जागीच 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा बेट समुद्रात बुडाल्याची वार्ता आली नाही.

गिरणी कामगारांचे दीड लाखाच्या आसपास अर्ज सरकारकडे आहेत. बांधून झालेली घरे वीस हजारही नाहीत. पुष्कळ अर्जदार हयात नाहीत, त्यांच्या जागी मुले आणि सुना खेटे घालतात. त्यांना शेलूला पाठवायचेच असेल तर भाव परवडत नाही, असे सरळ सांगावे. भूगोलाला साक्षीला बोलावू नये.