कार्यभार सोपविताना

स्वतः निर्माण केलेल्या वस्तूवर मनुष्याचा अधिकार किती काळ चालतो, हा प्रश्न जुनाच आहे. आमच्यापुढे तो नुकताच एका अनपेक्षित वाटेने आला. बंगळूरला स्थायिक झालेल्या आमच्या एका महाविद्यालयीन स्नेह्याने बारा वर्षांपूर्वी एका चित्रकार सोबत्याच्या साहाय्याने संगणकावर खेळावयाचा एक लहानसा खेळ तयार केला होता. मोठ्या प्रकाशनसंस्थेचा आधार न घेता दोघातिघांनी पदरमोड करून रचलेल्या अशा खेळांना ‘इंडी’ म्हणतात. खेळ थोडाफार खपला. आता खपत नाही, आणि नव्या यंत्रांवर नीट चालतही नाही. तरी जुने खेळणारे पत्रे धाडतात आणि एकच मागतात : तुम्हांस सवड नसेल तर खेळाची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, सर्वांस खुली करा. स्नेह्याने आम्हांस विचारले, “तू सरकारी माणूस, नियमाचा. सांग, मी काय करावे?”

पुस्तक कपाटात पडून राहिले तरी पन्नास वर्षांनी वाचता येते. संगणकीय खेळाच्या मात्र पायाखालची जमीनच सरकते. २०१९ साली अ‍ॅपलने मॅकोस कॅटालिना ह्या प्रणालीत ३२-बिटी आज्ञावल्या चालविणे बंद केले. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. खेळात एक अक्षर न बदलता कित्येक खेळ त्या दिवसांपासून मुके झाले. त्यांची डागडुजी करावयाची तर मूळ आज्ञावली हवी, आणि ग्राहकाच्या हाती ती नसते. आपल्या कार्यालयीन भाषेत सांगायचे तर त्याच्याजवळ निर्गमित झालेले पत्र असते. त्यामागची टिप्पणी फाइलीतच राहते.

हे दान पूर्वी कोणी केलेच नाही, असे नव्हे. ‘डूम’ हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये निघाला आणि डिसेंबर १९९७ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने त्याची आज्ञावली प्रसिद्ध केली. १९९९ साली ती जीपीएल ह्या मुक्त परवान्याखाली आली. त्यामुळे तो खेळ त्याच्या जन्मकाळी अस्तित्वात नसलेल्या यंत्रांवरही आज चालतो. मे २०१० मध्ये ‘हंबल इंडी बंडल’ ह्या, किंमत ग्राहकाने ठरवावयाच्या, विक्रीतून दहा लाख डॉलरांच्या वर रक्कम जमली, तेव्हा त्यातील चार खेळांच्या कर्त्यांनी आपापली आज्ञावली खुली करण्याचे वचन दिले. टेरी कॅव्हना ह्यांनी जानेवारी २०१० मधील आपल्या ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ ह्या खेळाची आज्ञावली बरोबर दहा वर्षांनी लोकांपुढे ठेवली. परवाना पूर्णपणे मुक्त नव्हता, कारण तीवर व्यापार करण्यास मनाई होती. तरी परक्या माणसांनी तीतले दोष काढले, आणि जानेवारी २०२४ च्या आवृत्तीत तो खेळ वेल्श व आयरिश ह्यांसारख्या भाषांतही बोलू लागला. परमुलखात आपली भाषा जपणाऱ्या वाचकांस ह्या घटनेचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु आक्षेपही खरे आहेत. पहिला फसवणुकीचा. वर सांगितलेल्या चार खेळांपैकी ‘लुगारू’ची नक्कल २०११ साली अ‍ॅपलच्या दुकानात मूळ खेळाहून स्वस्त दराने विकली गेली. आज्ञावली मुक्त होती. चित्रे आणि इतर साहित्य विकण्याची मुभा मात्र कोणास नव्हती. उघड्या दारातून पाहुणा येतो तसा चोरही येतो. दुसरा आक्षेप असा, की देणाऱ्याजवळचे सगळे त्याचे नसते. ‘डूम’चा ध्वनिविभाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्यामुळे तो देता आला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. दहा हातांनी स्पर्श केल्यावर कृती कर्त्याची राहील काय? नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती नकलाकारांच्या हातून पाठात शिरलेले दोष काढण्यासाठीच. आणि पुढे कोणी तीत आपल्या पदरची ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. तथापि त्याच घटनेची दुसरी बाजू आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. प्रती लोकांच्या हाती होत्या, म्हणूनच तीन शतकांनंतर त्या जमवून शुद्ध करता आल्या. कडीकुलपात राहिलेल्या एकमेव प्रतीस वाळवी लागती, तर नाथांनी शोधिले असते काय?

मग न्याय कोणता? ग्राहकाने खेळ विकत घेतला म्हणून टिप्पणीवर त्याचा हक्क पोचत नाही, हे आम्हांस मान्य आहे. कर्ता जोवर खेळाची देखभाल करतो आणि त्यावर पोट भरतो, तोवर त्याने दार बंद ठेवण्यात अधर्म नाही. पण स्वतः देखभाल करीत नाही आणि दुसऱ्यासही करू देत नाही, अशी अवस्था आली, की मालकीचे रूपांतर अडवणुकीत होते. बदलीचा हुकूम हाती पडल्यावर खुर्ची सोडावी लागतेच. प्रश्न उरतो तो कार्यभार नीट सोपविण्याचा. कपाटाची किल्ली खिशात घालून निघून जाणारा अधिकारी कोणताही फौजदारी गुन्हा करीत नसेल, पण मागून येणारा त्याचे नाव कसे घेतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

उलट, केवळ गठ्ठा टेबलावर टाकणे म्हणजेही कार्यभार सोपविणे नव्हे. काय कोठे आहे, कोणता भाग कोणाच्या मालकीचा आहे, खेळ कसा बांधावयाचा, ह्याची यादी हवी. नाहीतर औदार्याच्या नावाखाली तो जबाबदारीतून काढलेला पळच ठरेल.

हे सर्व आम्ही स्नेह्यास लिहिले. उत्तर आले ते वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवणारे. चोरीची भीती त्यास नव्हती. “बाविसाव्या वर्षी लिहिलेले ते बाड फार गबाळे आहे रे. आज ज्यांच्या हाताखाली काम करतो, ते पाहतील.” आमच्याही जुन्या टिप्पण्या आम्हांस आठवल्या, आणि क्षणभर लेखणी थांबली. कॅव्हना ह्यांच्याही आज्ञावलीत एकाच ठिकाणी कोंबलेली शेकडो कलमे पाहून पुष्कळजण हसले होते. पण त्या गबाळेपणातूनही चांगला खेळ उभा राहतो, हे पाहून अनेक नवशिक्यांस धीर आला.

आम्ही त्यास एवढेच कळविले : चित्रकार सोबत्याची संमती घे, कारण अर्धा खेळ त्याचा आहे. तो नाही म्हणाला तर चित्रे राखून ठेव आणि तुझे तेवढे दे. परवाना स्पष्ट लिही. आणि लाज वाटली तर वाटू दे; ती तुझी एकट्याची आहे, खेळ आता एकट्याचा राहिलेला नाही.