देशाटनाचे ऋण

आमच्या मेहुण्यांचे मागील महिन्यात पत्र आले. सातारा जिल्ह्यातील एका शाळेतून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. अक्षर अजूनही फळ्यावर लिहिल्यासारखे स्वच्छ. परंतु मजकुरात एरवीची स्वस्थता नव्हती. राहते घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, ग्लासगो येथे शिकत आहे. तेथून त्याची जी छायाचित्रे येतात त्यांत ग्रंथालय एकदाही दिसत नाही. दिसतात ते डोंगर, सरोवरे आणि पाठीवर ओझे बांधलेला मुलगा. त्यातच त्याच्या एका मित्राकडून घरी असे कळले की, हिवाळ्याच्या तोंडावर हा दाट धुक्यात वाट चुकला आणि एक संपूर्ण रात्र डोंगरातच राहिला. ही गोष्ट त्याने आईवडिलांना सांगितली नव्हती. ‘मामाचे तो ऐकतो, तेव्हा तुम्हीच त्याला दोन शब्द लिहावेत,’ असा पत्राचा शेवट होता.

दोन शब्द लिहिणे सोपे, असे आम्हांस प्रथम वाटले. नोकरीच्या निमित्ताने आमचा मुक्काम गेली चार वर्षे कुंभकोणम येथे आहे, आणि विद्यार्थ्याला उपदेश करावयाचा तर याहून सोयीचे गाव दुसरे कोणते? सारंगपाणीच्या देवळासमोरील रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचे लहानसे कौलारू घर आहे. आता ते स्मारक म्हणून जतन केलेले आहे. रस्त्याकडच्या ओट्यावर पाटी घेऊन बसणारा मुलगा पुढे केंब्रिजला जातो आणि 1918 साली रॉयल सोसायटीचा सदस्य होतो, हा दाखला तयारच होता. ‘त्याच्याकडे पाहा आणि डोंगर सोड,’ एवढे लिहिले की काम झाले, अशा विचाराने एका रविवारी सकाळी आम्ही ते पत्र खिशात घालून त्या घरापर्यंत गेलो.

घर पाहून परत येताना मात्र तो दाखला आमच्या हातून निसटू लागला. ज्या मुलाचे उदाहरण आम्ही देणार होतो तो स्वतःच एकदा घर सोडून गेला होता. गणिताखेरीज अन्य विषयांकडे त्याने पाठ फिरविली, त्यामुळे येथील सरकारी कॉलेजातील त्याची शिष्यवृत्ती गेली. आणि 1905 साली तो घरी न सांगता थेट विशाखापट्टणला निघून गेला. मुलगा हरवला म्हणून घरच्यांना वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागली. त्या ओट्यावर बसून त्याच्या आईने ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार आम्ही पूर्वी कधी केला नव्हता. थोरांची चरित्रे आपण शेवटाकडून वाचतो, म्हणून मधल्या दिवसांचे दुःख आपल्याला दिसत नाही.

मूळ प्रश्न असा आहे: दुसऱ्याच्या पैशावर परदेशी शिकणाऱ्याचा वेळ कोणाचा? मेहुण्यांचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याने घर गहाण टाकले त्याचा. हे उत्तर कृपणाचे नव्हे. ज्याने आयुष्यभर पै-पै जोडून चार भिंती उभ्या केल्या, त्याने त्या मुलाच्या शब्दावर पणाला लावल्या, तर त्या शब्दाचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याला आहेच. तारुण्याचा आनंद, निसर्गाची हाक वगैरे शब्दांनी तो अधिकार पुसता येत नाही. व्याजाला निसर्गसौंदर्य कळत नाही.

पण हिशेब म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. रामानुजन 1914 साली मद्रास विद्यापीठाच्या वार्षिक 250 पौंडांच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. युद्धाचे दिवस, शाकाहाराची अडचण, परकी थंडी. 1917 पासून ते आजारीच होते. जानेवारी 1919 मध्ये, मायदेशी परतण्यापूर्वी, त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक पत्र लिहिले. विद्यापीठाने देऊ केलेली रक्कम आपल्या गरजेपेक्षा अधिक आहे. खर्च भागून आणि आईवडिलांना वर्षाला पन्नास पौंड देऊन जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी वापरावे, अशी त्यांची विनंती होती. प्रकृतीमुळे गेल्या दोन वर्षांत पूर्वीइतके गणित आपल्या हातून झाले नाही, याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. पुढच्याच वर्षी, 26 एप्रिल 1920 रोजी, बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या पत्रात ऋण फेडण्याची खरी रीत आम्हांस दिसली. आपण कोठे किती तास बसलो याचा तपशील त्यात नाही. मिळाले किती, लागले किती, झाले काय आणि राहिले काय, हे न लपविता सांगणे एवढेच त्यात आहे. ते अधिक हिंडले असते तर अधिक जगले असते, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होत नाही. मृतांवर असले स्वस्त शहाणपण लादू नये. मात्र खोलीत बसणे हीच निष्ठा आणि बाहेर पडणे हा द्रोह, असा नियम त्यांच्या आयुष्यातून काढता येत नाही.

आपली परंपराही तसे म्हणत नाही. लहानपणी पाठ केलेल्या आर्येत चातुर्याच्या साधनांमध्ये देशाटन सर्वांत आधी येते आणि शास्त्रग्रंथ सर्वांत शेवटी. येथून चाळीस किलोमीटरांवरील तंजावरचे सरफोजीराजे 1820 च्या सुमारास काशीयात्रेस निघाले. सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहाच्या वाढीत त्या यात्रेचाही वाटा आहे. एकाच प्रवासात तीर्थही घडले आणि विद्याही घडली.

हा विचार मनात असतानाच आम्ही भाच्याला दूरध्वनी केला आणि उपदेश न करता त्या रात्रीची हकीकत विचारली. त्याने ती सरळ सांगितली. अभ्यासाखेरीजच्या वेळात दुकानात काम करून तो प्रवासखर्च जमवितो. कर्जातील पैसा त्याने डोंगरावर घातलेला नाही. त्या दिवशी ओढ्याला पूर आला, धुके उतरले, आणि त्याला डोंगरातील एका दगडी झोपडीचा आश्रय घ्यावा लागला. तिकडे ओसाड भागात अशा झोपड्या वाटसरूंसाठी मुद्दाम राखतात. दाराला कुलूप नाही, राहण्याचे मोल नाही; निघताना झाडलोट करावी आणि जमल्यास पुढच्या अनोळखी माणसासाठी कोरडे सरपण ठेवावे, एवढीच अपेक्षा. त्या रात्री त्याला ऊब मिळाली ती अशाच कोणी ठेवून गेलेल्या लाकडांची. आणखी एक गोष्ट तो बोलण्याच्या ओघात म्हणाला. डोंगरावर जाण्यापूर्वी आपली वाट आणि परतण्याची वेळ मागे कोणाला तरी सांगून जावे, असा तिकडचा दंडक आहे.

आम्ही त्याला एवढेच विचारले, ‘मग साताऱ्याला ते कोणी सांगितले होते?’ तो बराच वेळ बोलला नाही.

आमच्या मते दोष नेमका येथे आहे. त्याने हिंडणे हा अपराध नव्हे. त्या हिंडण्यातून त्याला अनोळखी माणसाचे ऋण कळले, हे तर विद्यापीठाबाहेरचे शिक्षणच झाले. परंतु अनोळखी वाटसरूसाठी सरपण ठेवणाऱ्याने घरच्या माणसांना अंधारात ठेवावे, हे विसंगत आहे. ‘त्यांना काळजी वाटू नये म्हणून सांगितले नाही,’ असे तो म्हणाला. आपण सगळेच असे म्हणतो. पण ज्यांनी आपल्यासाठी घर पणाला लावले, त्यांचा काळजी करण्याचा हक्क काढून घेणे म्हणजे त्यांना सावकाराच्या जागी बसविणे होय. सावकाराला फक्त हप्ता कळवितात. आप्तांना वाट कळवावी लागते.

हे लिहिताना आम्हांस स्वतःकडेही पाहावे लागले. बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां नोकरदारांची पत्रे ‘सर्व क्षेम’ या दोन शब्दांपलीकडे क्वचितच जातात. आणि हिंडण्याचे म्हणाल तर दारासुरमचे ऐरावतेश्वराचे देऊळ येथून चार किलोमीटर, तेही आम्ही चार वर्षांत पाहिले नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंशी तमिळमध्ये पुरते वाक्य बोलता येत नाही. कचेरी आणि बिऱ्हाड यांमध्ये काढलेले दिवस आम्ही निष्ठेच्या खाती जमा केले होते; ते आळसाच्या खाती पडावयास हवेत. परगावी पाठविलेल्या माणसाने ते गाव न पाहणे हाही पाठविणाऱ्याच्या पैशाचा अपव्ययच असू शकतो.

भाच्याला आम्ही डोंगर सोडण्यास लिहिले नाही. जाण्यापूर्वी वडिलांना वाट आणि परतीची वेळ कळवावी, आणि परीक्षेत जे साधले व जे साधले नाही तेही कळवावे, एवढेच लिहिले. मेहुण्यांना लिहिले की, तुमचा अधिकार पूर्ण मान्य आहे; पण मुलाने खरे सांगावे असे वाटत असेल तर खरे ऐकण्याची तयारी आपणही ठेवावी लागेल.

गेल्या आठवड्यात मेहुण्यांचे उत्तर आले. राग पुरता गेलेला नाही. मात्र मुलाने पुढच्या रविवारची वाट कळविली आहे, आणि त्या प्रदेशाचा नकाशा तालुक्याच्या गावी कोठे मिळत नाही, तेव्हा तुमच्याकडे मिळतो का पाहावे, असे त्यांनी खाली लिहिले आहे.