शिक्षेच्या कामावरील मुकादम

समजा, पनवेल येथील न्यायालयाने एका तरुणास दारूच्या अमलात भर बाजारात धिंगाणा घातल्याबद्दल दोषी ठरविले, आणि त्यास तुरुंगात न धाडता वडाळे तळ्याचा काठ काही दिवस विनावेतन साफ करण्याची आज्ञा दिली. असेही समजा की, त्याजवर देखरेख करण्याचे काम तुमच्यापैकी एकावर आले. तुम्ही त्याजपाशी कसे उभे राहाल?

हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि तिच्या चौथ्या कलमात मृत्युदंड, कारावास, द्रव्यदंड ह्या जुन्या शिक्षांच्या पंगतीस सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा येऊन बसली. ती थोरल्या अपराधांसाठी नाही. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी करून पहिल्यानेच दोषी ठरलेला मनुष्य माल किंवा त्याची किंमत परत करील, तर त्यास हीच शिक्षा आहे. दारू पिऊन लोकांस उपद्रव देणाऱ्यासही ती देता येते. जुन्या दंड संहितेत त्या दारुड्यास फार तर चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपये दंड असे. काम समाजाच्या हिताचे असावे व त्याचा मोबदला मिळू नये, इतके नव्या प्रक्रिया संहितेने सांगितले आहे. परंतु तास किती, आणि त्याजवर उभे कोणी राहावे, हे त्या दोन्ही संहितांत लिहिलेले नाही.

न्यायाधीश आज्ञा देऊन पुढल्या खटल्याकडे वळतो. ती शिक्षा प्रत्यक्षात कशी होणार हे ठरविणारा मनुष्य तळ्याच्या काठी उभा असतो. त्यास दोन सोप्या वाटा आहेत. अपराधी ओळखीचा किंवा वजनदार घरचा असला म्हणजे हजेरीपटावर सही करून त्यास घरी लावून देणे, ही पहिली. ती लबाडी आहे, आणि तिजविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. दुसरी वाट अशी की, येणाराजाणारा ऐकेल अशा मोठ्या आवाजात त्यास हाका मारणे, आणि कोणी मोबाईलवर त्याचे छायाचित्र घेऊ लागला तर आडवे न जाणे. ही वाट न्यायासारखी दिसते, म्हणून तिचे भय अधिक.

पनवेल तालुक्यातच तळोज्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. तुरुंगाच्या भिंती कैद्यास कोंडतात, परंतु लोकांच्या नजरेपासून झाकतातही. तळ्याचा काठ कोणास झाकीत नाही. इंग्लंडात ही शिक्षा १९७२ च्या कायद्याने आली. तेथे २००८ साली अशा लोकांच्या अंगावर, ते शिक्षा भोगीत आहेत हे रस्त्यावरून वाचता यावे अशी अक्षरे लिहिलेली भडक जाकिटे चढविण्यात आली. लाज निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. परंतु मनुष्याच्या अंतःकरणात उपजणारी लाज निराळी आणि त्याच्या पाठीवर चिकटविलेली निराळी.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात फटक्यांच्या शिक्षेचा नियम आहे. ते फटके न्यायाधिशाच्या डोळ्यांदेखत, मोजून, आणि चाळिसांच्या आत मारावयाचे. कारण असे दिले आहे की, अधिक मारल्याने तो बंधू तुमच्या दृष्टीस तुच्छ दिसू लागेल. शिक्षेपूर्वी शास्त्र त्यास दुष्ट म्हणते, आणि शिक्षा मोजून होताच बंधू म्हणते. शिक्षेचे मोजमाप इतके महत्त्वाचे का, हे आपल्या वाडवडिलांच्या इतिहासावरूनही समजते.

विनावेतन काम हे शब्द आपल्या पुष्कळ मंडळ्यांत अजून कडू लागतात. काही अपराध नसता गावची ओझी वाहावी, मेलेली ढोरे ओढावी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात वतनाविषयीचे बिल आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी आहे. मग ही जुनी वेठच नव्या नावाने आली नाही काय? मला तसे वाटत नाही. वेठ जन्माने लागे आणि मेल्याविना सुटत नसे. ही अपराधाने लागते आणि नेमल्या तासांनी सुटते. मुकादमाने मात्र एक तास जरी अधिक राबविले, तरी तो तास वेठीचा.

आणखी एक गोष्ट मनास टोचते. पहाटे पनवेलचे रस्ते झाडणारी बाई तेच काम पोटासाठी करते. तिच्यादेखत मुकादम त्या तरुणास म्हणाला, “प्यायलास ना? मार आता झाडू,” तर शिक्षा कोणास झाली? त्यापेक्षा त्या तरुणास तिच्या हाताखाली द्यावे. “मावशी, हा कचरा कसा उचलू?” असे त्याने तिला विचारावे, आणि तिने शिकवावे. त्याचा वेळ ही त्याची शिक्षा. झाडू ही शिक्षा नव्हे. म्हणून मुकादमानेही एक झाडू हाती घ्यावा.

हे स्वप्नरंजन नव्हे. १९३९ साली औंधच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या सूचनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले, आणि तेथे कैदी भिंतींवाचून शेती करू लागले. व्ही. शांताराम ह्यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. त्यातील जेलर सहा खुन्यांबरोबर माळावर स्वतः राबतो.

हे सर्व सांगितल्यावर एका उपदेशकाने मला विचारले, “पाळकसाहेब, शेवटल्या दिवशी त्यास चहा द्यावा काय?” मी म्हटले, पहिल्याच दिवशी द्यावा, बाकीच्यांस मिळेल त्याच वेळी.