‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे ऋण

एखादी वस्तू आपण कारागिराकडे दुरुस्तीला देतो, तेव्हा त्याच्याकडून नेमके काय विकत घेतो? त्याचे श्रम, त्याने बसवलेले सुटे भाग, त्याचा वेळ, की त्याचे ज्ञान? आणि ते ज्ञान अपुरे पडले, तर तसे सांगणे हे त्याच्या कर्तव्यात मोडते काय? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु २०१६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडमधील एका खेड्यात जे पाहिले, तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही.

माझी मुलगी तिकडे परिचारिका आहे. वसईतल्या कितीतरी घरांतून मुली या सेवेसाठी परदेशी गेल्या, त्यांतलीच ती एक. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तीन महिने तिच्याकडे राहावयास गेलो होतो. शेजारच्या घरात एक विधवा बाई एकट्याच राहत. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्या काम करीत आणि भाड्याने घेतलेल्या लहानशा कुरणात एक म्हातारी घोडी सांभाळीत. घोडा म्हटला की आपल्यापुढे लग्नाची वरात नाहीतर महालक्ष्मीचे रेसकोर्स उभे राहते. घोडे पाळणे हा केवळ श्रीमंतांचा षोक, अशी माझीही समजूत होती. परंतु तिकडच्या ग्रामीण भागात बेताच्या मिळकतीची माणसेही पोटाला चिमटा घेऊन घोडे पाळतात. बाईंनी ती घोडी लेकीसाठी घेतली होती. लेक मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. घोडी मात्र राहिली.

तिला नेण्या-आणण्यासाठी बाईंकडे एक जुनी हॉर्सबॉक्स होती. लहान ट्रकच्या पाठीवर जनावरासाठी बंदिस्त खोली बांधलेली असते, त्या वाहनाला तिकडे हे नाव आहे. बाईंची गाडी वापरली जाई थोडी, उभी राही फार. त्या उन्हाळ्यापासून ती अधूनमधून चालू होईनाशी झाली. किल्ली फिरवली की सेल्फ लागायचा नाही, नुसता ‘टक्’ असा आवाज यायचा. दिवे लख्ख लागत, इंजिन मात्र हलत नसे.

बाईंनी ती गॅरेजात दिली. तिथे बॅटरी बदलली गेली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी सेल्फची मोटरच नवी बसवली. बिल मोठे होते. ते चुकते केल्यावाचून गाडी सोडता येणार नाही, असे बाईंना सांगण्यात आले आणि त्यात बेकायदा काही नव्हते. दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार तिकडचा कायदा कारागिराला देतो, आपलाही देतो. बाईंनी एवढेच विचारले, “पण बिघडले काय होते?” गॅरेजवाल्याने मान वर न करता उत्तर दिले, “आता चालते आहे ना?” बाईंनी हे मला नंतर सांगितले तेव्हा त्यांच्या स्वरात संताप नव्हता. आपणच काही अडाण्यासारखे विचारले की काय, असा संकोच होता.

नोव्हेंबरातल्या एका रात्री घोडीला पोटशूळ उठला. घोड्याला वांती करता येत नाही. त्यामुळे त्याच्या पोटाचे दुखणे पाहता पाहता जिवावर बेतते आणि अशा वेळी तासाला मोल असते. पशुवैद्यांनी येऊन तपासले आणि ताबडतोब शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात हलवा, असे सांगितले. आम्ही बापलेक कुरणावर धावलो. “पपा, टॉर्च जरा वर धरा,” असे म्हणत मुलगी बाईंना घोडी चढवायला मदत करू लागली. घोडी चढली. बाईंनी किल्ली फिरवली. ‘टक्.’ पुन्हा फिरवली. ‘टक्.’ त्या अंधारात तो आवाज मी किती वेळा ऐकला, ते मोजले नाही.

अखेरीस दूरच्या शेतावरचा एक शेतकरी आपल्या जीपला घोड्याचा ट्रेलर जोडून आला. तोवर दोन तास गेले होते. शस्त्रक्रिया झाली, पण पहाटे घोडी गेली. बाईंनी पशुवैद्यांना विचारले, “दोन तास आधी आणली असती तर वाचली असती का?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मला ठाऊक नाही. कदाचित वाचली असती, कदाचित नाही. खात्रीने सांगता येणार नाही.” या उत्तराने बाई कोसळतील असे मला वाटले होते. पण त्यांनी त्या गृहस्थांचा हात दोन्ही हातांत धरला. कित्येक महिन्यांत त्यांना मिळालेले हे पहिले प्रामाणिक उत्तर होते.

पुढच्या आठवड्यात त्याच शेतकऱ्याने एक मीटर आणून गाडी तपासली. बॅटरी निर्दोष होती, नवा सेल्फही निर्दोष होता. इंजिन आणि गाडीची चौकट यांना जोडणारी अर्थची पट्टी मात्र बोल्टाखाली गंजून गेली होती. बॅटरीतून निघालेला विद्युतप्रवाह या पट्टीवाटे परत येतो. दिव्यांना थोडा प्रवाह पुरतो, म्हणून दिवे लागत. सेल्फला फार मोठा प्रवाह लागतो आणि तो त्या गंजलेल्या सांध्यातून जात नसे. हिवाळ्यात तिकडे बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. त्यात हॉर्सबॉक्सच्या तळातून झिरपणारे जनावराचे मूत्र. अशा गाडीच्या पोटाशी लोखंड गंजणे ही नवलाची गोष्ट नव्हे. कधी हवा कोरडी असली, कधी वाटेत गाडीला धक्का बसला की सांधा जुळे आणि गाडी चालू होई. गॅरेजात ती दोन्ही वेळा चालू झाली ती याचमुळे. नवी पट्टी बसवायला अर्धा तास लागला आणि तिची किंमत बॅटरीच्या किमतीच्या मानाने नगण्य होती.

आता, गॅरेजवाल्याला लबाड म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु वाचकहो, जरा न्यायाने पाहू या. त्याने खोटे काय सांगितले? बॅटरी बदलली म्हणाला, ती बदललीच होती. गाडी चालते म्हणाला, ती त्या घटकेला चालतच होती. त्याच्या तोंडून एकही असत्य शब्द निघाला नाही. मग त्याचा अपराध तो कोणता?

या प्रश्नाजवळ जाणारा एक जुना विचार आहे आणि योगायोग असा की, त्यातही घोडा आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात, दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील सत्त्याहत्तराव्या प्रश्नात, खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. विकणाऱ्याने मालातला दोष सांगितलाच पाहिजे काय, असे ते विचारतात. त्यांचे उत्तर नेमके आहे. दोष उघड असेल, समजा घोडा एकाच डोळ्याचा असेल, तर किंमत त्या मानाने उतरवली म्हणजे पुरे, तो बोलून दाखवण्याची सक्ती नाही. परंतु दोष गुप्त असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे, पडाऊ घर भक्कम म्हणून विकणे हा अन्याय होय. त्याच ठिकाणी ते दुसरे एक उदाहरण घेतात. धान्याचे भाव चढलेल्या गावी एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी धान्य येत आहे, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने सांगितलेच पाहिजे काय? न्यायाने त्याच्यावर तशी सक्ती नाही, असे संत थॉमस म्हणतात. सांगितले तर तो सद्गुण अधिक थोर ठरेल.

म्हणजे काही गोष्टी सांगणे हे ऋण असते, तर काही सांगणे हे औदार्य. ‘मला दोष सापडला नाही’ असे कारागिराने सांगणे यांपैकी कशात मोडते?

माझ्या मते ते ऋण आहे. दुकानदार वस्तू विकतो, कारागीर मात्र मुख्यतः आपला निर्णय विकतो. बॅटरी बाईंना कोणत्याही दुकानात मिळाली असती. हिला बॅटरीच हवी आहे, हा निर्णय घेण्यासाठी त्या गॅरेजात गेल्या होत्या. तो निर्णय अंदाजाने घेतलेला असेल, तर विकलेल्या मालातच गुप्त दोष आहे. कारागिराचे अज्ञान ही त्याची खाजगी बाब राहत नाही. तो त्या बोल्टाखालचा गंज आहे, गिऱ्हाइकाला कधीही न दिसणारा. ‘मी अंदाजाने बॅटरी बदलली आहे, मूळ कारण मला सापडलेले नाही, गाडीवर विसंबू नका,’ एवढी तीन वाक्ये बाईंना मिळाली असती, तर त्यांनी दुसरी काही तजवीज करून ठेवली असती. कायदाही थोडा या दिशेने गेला आहे. ब्रिटनचा २०१५ सालचा ग्राहक हक्क कायदा सेवेत वाजवी काळजी आणि कौशल्य मागतो. आपल्याकडील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे. पण आपल्याला कळले नाही हे दडवणारा न्यायालयासमोर क्वचितच सापडतो. ते तो आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी एवढ्यांनाच ठाऊक असते.

गॅरेजवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. दोष लपंडाव खेळणारा, गाडी त्याच्यापुढे सुरळीत चालणारी. शिवाय, ‘तीन तास शोधले, काही सापडले नाही’ असे म्हणून तो तीन तासांचे पैसे मागता, तर आपल्यापैकी किती जण हसतमुखाने देते? नव्या सुट्या भागाचे पैसे आपण मोजतो, कारण तो भाग हाताला लागतो. शोधण्याचे, विचार करण्याचे, चुकण्याचे पैसे मोजताना आपला हात आखडतो. अशा रीतीने, खोटी खात्री विकणारा बाजार उभा करण्यात आपलाही हातभार लागतो. ज्याला सत्य ऐकायचे आहे, त्याने सत्याची किंमत देण्याची तयारी ठेवली पाहिजे.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता, तर बरे झाले असते. परंतु त्या रात्री टॉर्च धरून उभा असताना मला आठवत होते ते वेगळेच.

मी गणित शिकवीत असे. आठवीत एक मुलगा होता, मागच्या बाकावर बसणारा. फळ्यावरची उदाहरणे तो चुकीची उतरवून घ्यायचा. दादरला फुले विकणारी त्याची आई एकदा शाळेत आली. “सर, याला नेमके काय होते?” तिने विचारले. मला ते ठाऊक नव्हते. पण मी म्हणालो, “लक्ष देत नाही. शिकवणी लावा.” तिने शिकवणी लावली. फुलांच्या पैशातून तिने वर्षभर फी भरली. पुढच्या वर्षी नव्या बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवून पाहिले आणि डोळे तपासायला पाठवले. मुलाला फळाच दिसत नव्हता.

मीही काही खोटे बोललो नव्हतो. मुलगा खरोखरच लक्ष देत नसे. फळा दिसत नसलेला मुलगा किती वेळ लक्ष देणार? माझ्याकडे व्होल्टमीटर नव्हता हे खरे, पण पहिला बाक तर होता. ‘मला कळत नाही, आपण शोधू या,’ असे मी म्हटले असते, तर त्या माउलीच्या नजरेत माझा मान थोडा उतरला असता, एवढेच. तेवढ्यासाठी मी तिला एक वर्ष आणि बरीच फुले खर्च करायला लावली.

आपल्यातील प्रत्येकापुढे कोणी ना कोणी किल्ली घेऊन उभे असते. डॉक्टरापुढे रुग्ण, वकिलापुढे पक्षकार, शिक्षकापुढे पालक, आईबापांपुढे मूल. त्यांना आपल्याकडून सर्वज्ञता नको असते. आपल्या शब्दावर किती भार टाकावा, एवढेच त्यांना खरेपणाने कळायला हवे असते.

त्या बाईंनी पुढे हॉर्सबॉक्स विकली. घेणाऱ्या तरुणीला त्यांनी सेल्फची सगळी हकीकत सांगितली, नवी पट्टी दाखवली आणि “याखेरीज आणखी काही असेल, तर मला ठाऊक नाही,” असेही सांगितले. तरुणीने थोडी घासाघीस केली. बाईंनी किंमत थोडी उतरवली.