इंद्रधनुषी ज्योती आणि व्याप्तीचा प्रश्न

एखादी कृती अनेकदा निर्विघ्न पार पडली, एवढ्यावरून ती निर्धोक असल्याचे ज्ञान होते काय, हा न्यायदर्शनातील जुना वाद रसायनशास्त्राच्या वर्गातील ‘इंद्रधनुष्य’ प्रयोगाला नेमका लागू पडतो. या प्रयोगात लिथियम, सोडियम, तांबे इत्यादींचे क्षार मिथेनॉलमध्ये कालवून उघड्या बशांत पेटवतात आणि किरमिजी, पिवळ्या, हिरव्या ज्योती ओळीने दिसतात. ‘आजवर काही झाले नाही’ हा शिक्षकाचा हवाला म्हणजे भूयोदर्शन, अर्थात वारंवार घेतलेला अनुभव. परंतु नव्यन्यायाचे प्रवर्तक गंगेश उपाध्याय यांनी भूयोदर्शनाला व्याप्तिज्ञानाचे, म्हणजे दोन गोष्टींच्या अव्यभिचारी साहचर्याच्या ज्ञानाचे, कारण मानले नाही. अग्नी तेथे धूर हा नियम टिकत नाही, कारण धूर निघण्यास ओले सरपण लागते, आणि साहचर्यामागे दडलेल्या अशा अटीलाच नैयायिक उपाधी म्हणतात.

येथील उपाधी वाफ आहे. मिथेनॉलवर सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ साठते आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे विझली असे समजून बाटलीतून पुन्हा द्रव ओतला, तर ज्वाला बाटलीत शिरून पेटता द्रव समोरच्या बाकांवर फेकला जाऊ शकतो. न्यूयॉर्कमधील एका शाळेत २ जानेवारी २०१४ रोजी याच प्रयोगात विद्यार्थी भाजले, आणि त्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीने ज्वालाग्राही द्रावके वापरून उघड्यावर केला जाणारा हा प्रयोग थांबवण्याची शिफारस केली.

दडलेल्या उपाधीची अशी शंका घेत बसल्यास चूलही पेटवता येणार नाही, हा आक्षेप नैयायिक उदयनाचार्यांना परिचित होता. शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच वर्तनाशी विरोध आला की ती तेथेच थांबते, असे त्यांचे उत्तर आहे. मात्र ही शंका तशी पोकळ नाही, कारण व्यभिचाराची, म्हणजे नियम मोडल्याची, उदाहरणे समोर आहेत. शिवाय रंग धातूच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांमुळे उमटतो आणि त्यासाठी उष्णता पुरेशी असते. ती मिथेनॉलचीच असणे हे घटाच्या उत्पत्तीत कुंभाराच्या दंडाच्या रंगाइतकेच अन्यथासिद्ध, म्हणजे उपस्थित असूनही कार्याला अनावश्यक, ठरते. क्षारांच्या जलीय द्रावणात भिजवलेली लाकडी काडी बर्नरच्या ज्योतीत धरली की तेच रंग दिसतात. भव्यता उणावते हे खरे, पण त्या भव्यतेची जोखीम पत्करायची की नाही, हे पहिल्या बाकावरील मुलाला कोणी विचारलेले नसते.